नीवेससाठी रोज वीस शब्द

१४ जुलै
काल खिंडीत, सीमेवरच्या दगडापाशी, आमच्या फ्रेंच खोऱ्याने जुन्या तहाप्रमाणे दरवर्षीसारख्या स्पेनवाल्यांना तीन गाई दिल्या. दोन्हीकडच्या मेयरांनी हातावर हात ठेवून शांततेची शपथ घेतली. मग एकत्र जेवण. चीज कापायला नेहमीची, पलीकडची नीवेस. विधवा, माझ्याच वयाची, हसरी. नऊ वर्षं आमचं खाणाखुणांवर चाललंय. काल तिने दुभाष्याकडून निरोप दिला: फिर्मां, मनात आहे ते पुढच्या वर्षी तोंडाने सांग.
होकारच समजायचा. संकल्प: रोज वीस स्पॅनिश शब्द. वर्षाचे सात हजार. लग्नाला पुष्कळ झाले.

२ ऑगस्ट
पुस्तक आणलं. चाळलं. निम्मे शब्द आपल्या फ्रेंचमधलेच, शेपूट तेवढं वेगळं. म्हणजे निम्मा अभ्यास आधीच झालाय. आज सुट्टी.

१९ ऑक्टोबर
मेंढ्या खाली आणल्या. गुडघा दुखतो. अशात भाषा कुठली शिकणार मी?
ओदीलताई म्हणते, निदान एक पत्र तरी टाक, प्रेमाचा शब्द दोन्हीकडे सारखाच आहे. थोरली बहीण असली म्हणून सगळंच कळतं असं नाही. मी पूर्ण तयारीनिशी बोलणारा माणूस.

१२ फेब्रुवारी, सकाळ
गुडघाभर बर्फ. रस्ता बंद, म्हणून अभ्यासही बंद. घाई कसली? नीवेस काय पळून चाललीय?

३ जुलै
दहा दिवस उरले. घाबरायचं कारण नाही. आपल्याच शब्दांना शेपट्या लावून भाषण रचलं, आरशासमोर म्हटलं. ताई म्हणाली, हे ऐकून तिन्ही गाई परत येतील. जळते, दुसरं काय.

१२ जुलै
दाढी केली. टोपी झटकली. तिसरी गाय माझ्याच गोठ्यातली निवडलीय. शकुन चांगला आहे.

१३ जुलै, संध्याकाळ
धुकं होतं. गाय दिली. चीज कापायला वेगळीच मुलगी, नीवेसची भाची आमाया. म्हटलं, हिच्यासमोर सराव होईल. भाषण सुरू केलं. तिने माझा हात धरून थांबवलं आणि दुभाष्याला बोलावलं.
मावशी फेब्रुवारीत गेली. न्यूमोनिया झाला होता. बारा तारखेला, पहाटे.
मावशीने तुमच्यासाठी ठेवली होती, असं सांगून आमायाने एक वही दिली. परतताना गाईचा रिकामा दोर उगाच हातात धरून चालत राहिलो.

१५ जुलै
वही उघडली. फ्रेंच शब्द. रोज वीस, गेल्या वर्षीच्या १४ जुलैपासून, एक दिवस चुकलेला नाही. समोर त्यांचे स्पॅनिश अर्थ. दोन्हीकडे सारखा असेल त्या शब्दाला तिने लाल पेन्सिलीने गोल केलाय. पानंच्या पानं गोलांनी भरलीत.
अकरा फेब्रुवारीला सातच शब्द. अक्षर वाकडंतिकडं.
माझ्या रोजनिशीत बारा तारीख काढून पाहिली. फार रडलो.
मग पुस्तक शोधलं. कपाटामागे पडलं होतं. त्यातले तेरा स्पॅनिश शब्द तिच्या सात शब्दांखाली लिहून काढले.
ताईने विचारलं, आता कशाला?
म्हटलं, वीस व्हायला हवेत.