टाकीत ओतलेला समुद्र

गिबारा, १४ मे १९८७

प्रिय रेनेरियो,

तू बरा असशील. कारखान्यातलं जेवण सुधारलं का? इथे मी ठीक आहे, आई ठणठणीत आहेत आणि तुझे मासे जिवंत आहेत. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

मासे शेजारच्या सोराइदाच्या गच्चीवर, तिच्या पाण्याच्या टाकीत आहेत. तू गेलास आणि नळाला नऊ दिवस पाणी नाही. आम्ही प्यायचं की माशांना द्यायचं, अशी वेळ आली. सोराइदा म्हणाली, "दे इकडे, डासांच्या अळ्या तरी खातील." आता तूच बजावलं होतंस, माशांची काचेची टाकी कोरडी पडली तर सांधे सुटतील. म्हणून मी धक्क्यावरून आठ बादल्या समुद्र आणून तिच्यात ओतला. दोन चिमुकले पट्टेरी मासेही सोबत आले. त्यांचा मला लळा लागलाय.

खाऱ्या पाण्याने टाकीचं काय झालं, हे तू विचारशीलच. काचेला काही झालं नाही. सांधे पक्के आहेत. प्लास्टिकच्या नळीवर नुसती मिठाची पांढरी कड आली. पण झाकणाच्या बिजागऱ्या गेल्या आणि दिव्याची पट्टी गंजून गळून पडली. ज्या पंपासाठी तू माझं कपडे धुण्याचं मशीन खोललंस, तोही बसला. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

आणखी एक वस्तू बिघडली. माझी अंगठी.

रोज हात घालून काच पुसायचे, बाराव्या दिवशी अंगठी हिरवी. नेमकी आईंनी पाहिली. "माझ्या पोराने तुला पितळ घातलं?" म्हणून रडल्या. दुसऱ्या कोणी बोलायच्या आत रेशनच्या रांगेत जाऊन स्वतःच सांगून आल्या. मग आपली अंगठी काढून माझ्या बोटात घातली.

रेनेरियो, तुझी अंगठी सोन्याचीच होती. लग्नानंतर चौथ्या महिन्यात धक्क्यावर मासे साफ करताना ती बोटातून सटकली आणि पाण्यात गेली. तुला सांगायचं धाडस झालं नाही. माझ्या भावाने नळाच्या पितळी जोडातून दुसरी कापून, घासून दिली. सहा वर्षं गोड्या पाण्यात भांडी घासली, तुझी टाकी पुसली, तिने एकदाही दगा दिला नाही.

काल आईंना सगळं सांगितलं आणि त्यांची अंगठी परत करायला लागले. त्यांनी ती पुन्हा माझ्या बोटात सरकवली. मग म्हणाल्या, "राहू दे बोटात. फक्त त्या टाकीत हात घालताना काढून ठेवत जा."

"सोन्याला काय होतंय, आई?"

"काढून ठेव म्हटलं ना," म्हणाल्या आणि घेवडा निवडायला बसल्या.

रांगेत आज मीच सगळ्यांना खरं सांगितलं. तुझ्यावरचा बट्टा गेला, आता हसतात ते मला. सहा वर्षं तुझ्याशी खोटं वागले, याची लाज वाटते. तू हवं तेवढं रागाव, मी ऐकून घेईन. पण आईंना त्यांच्या अंगठीबद्दल काही विचारू नकोस.

येताना पंपाला स्क्रू आण. पितळी नकोत.

हिरवं बोट घासत बसलेली, तुझीच
ओदालिस