राणीसाहेबांचा न संपणारा मुकुट

ऊर नगरीहून थोरल्या ताईस धाकट्या अबझीचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? नन्नादेव तुमचं घर हसतं ठेवो. आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे मी सोडून सगळे.

त्याचं असं झालं, की थोरल्या राणीसाहेब पेरणीपासून जायला टेकल्या आहेत. (हे मोठ्याने वाचू नकोस.) त्यांच्याबरोबर थडग्यात ठेवायचा मुकुट माझ्याकडे आला: सोन्याची पानं, तांबडा अकीक नि निळ्या लाजवर्दाच्या खड्यांच्या माळा, वर फुलांचा तुरा. चाळीस वर्षं सोनारकी केली, पण असं गिऱ्हाईक पाहिलं नाही. मुकुट घेऊन गेलो की बाई उठून बसतात, तो डोक्यावर चढवतात, आरशात बघतात आणि पानं फारच जाड आहेत म्हणून परत पाठवतात. मग त्यांना भूक लागते. परवा दोन मासे आणि अख्खा कांदा खाल्ला. (वैद्य म्हणतात, औषध लागू पडलं. वैद्यांना काय जातंय म्हणायला.) आधी मी चिडायचो. आता मीच चुका करतो. एखादं पान तिरकं, एखादा मणी उलटा. काल तुरा असा बसवला की राणीसाहेबांना आढ्याकडेच बघावं लागलं. कारभारी म्हणाले, तुझे हात गेले आता, अबझी. सगळ्या पेठेत हसू झालंय माझं. होऊ दे. मुकुट पुरा झाल्याशिवाय बाई जायच्या नाहीत, एवढं मला कळलंय.

मातीच्या पाटीवर जागा संपली. मुलांना आशीर्वाद.

ता. क. (पाटीच्या मागे) आता खरं लिहितो. राणीसाहेबांबरोबर दहा मुली खाली थडग्यात जायच्या आहेत, आणि तिथून कोणी वर येत नाही. त्यांच्या चांदीच्या फितींसाठी डोक्याच्या मापाचे दहा धागे आले. नावं नव्हती. एक धागा बाकीच्यांपेक्षा दोन बोटं लांब होता. आपल्या आईसारखं मोठं डोकं, ताई. राजवाड्यात वीणा वाजवणाऱ्या माझ्या लेकीचं, गेमेचं डोकं. (उरलेल्या नऊ धाग्यांकडे बघवत नाही. त्यांनाही बाप असतीलच.) दुसऱ्या घरी शब्द दिलेल्या मुलीला नेत नाहीत. भावोजींच्या पुतण्याचं स्थळ मी, अंगाला मासळीचा वास येतो म्हणून, मोडलं होतं. तो वास आता मला चालतो. भावोजींना मागणी घालायला लगेच पाठव.

ता. क. दुसरा (पाटीच्या कडेवर) गेमे रुसेल. तिला हा मान वाटतो. काल दुकानात येऊन तिने फीत बांधून पाहिली आणि विचारलं, "बाबा, कशी दिसते मी?"

इतकी सुंदर दिसत होती, ताई, की मला हातातला चिमटा सापडेना. मी म्हणालो, "तुला नाही शोभत गं."

तिने फीत सोडून माझ्या हातात दिली. जन्मात पहिल्यांदा तिच्याशी खोटं बोललो.