दोन पोटांच्या नावेची जाळी

९ नोव्हेंबर, रविवार

हूक तुटला तं तुटला, माझ्या घरी कायले आणता? मी जेवाले बसली होती अन् भगवंतराव मोटरसायकलवर अख्खी जाळी गुंडाळून घेऊन आले. ओसरीत टाकली. म्हणे, "जनकाबाई, बाज ताणता तशी ही ताणून द्या."

त्यायच्या नावेची जाळी. नाव म्हणजे दोन लांब पोकळ होड्या, मधात चौकट, चौकटीत ही जाळी. शीड हाकणारा जाळीवर बसते. म्हणजे समता बसते, माझी पोरगी. भगवंतराव मूळचे उंद्रीचे, नेव्हीतून रिटायर झाले, ही जुनी नाव ट्रकात टाकून आणली अन् आमच्या धरणावर खोली करून राह्यले. चार वर्षं झाले समता त्यायच्यापाशी शिकून राह्यली. घरात झाडू दे म्हटलं तं हिले वारा पाहायचा असते.

जाळी पाह्यली. कडेच्या पितळी रिंगा बऱ्या हायेत. पण रबरी दोऱ्या उन्हानं कुजल्या, हूक गंजले. हात लावला का तुकडा पडते.

"बाजच हाय ही," म्हटलं.

"हाव, पण पाण्यावरची," म्हणे.

पाण्यावरची म्हणजे काय वेगळी?

१२ नोव्हेंबर

आज समतानं सांगतलं. ७ डिसेंबरले मुंबईकडून जयमाला मॅडम येणार. शिडाच्या नावेसाठी पोरी निवडणार, तिकडंच ठेवून घेणार. वयाचे तेवीस पुरे व्हायच्या आतल्याच पोरी पाहिजेत. समताले जानेवारीत तेवीस पुरे होतात. म्हणजे एकच खेप.

"अन् नाही घेतलं तं?" इचारलं.

"तं बाजा विणीन," म्हणे. असं तोंड केलं जसं काही विहिरीत उतरायले सांगतलं.

बुढा हसला. माझा नवरा पुंजाजी. त्याच्यापाशीच मी बाज शिकली, बीबी गावच्या बाजारात आमच्याच बाजा उभ्या असतात. म्हणे, "बाज विणाले डोकं लागते पोरी. तुले ठेवीन कोण?"

मले हसू आलं नाही. चार वर्षं पोरगी एका गोष्टीच्या मागं हाय.

१६ नोव्हेंबर

रबर फेकून देल्लं. त्याच्यात काही राम नाही. शाकिरच्या दुकानातून नायलॉनची दोरी आणली.

"किती बाजांची, काकू?"

"नावेची."

"धरणात बाज टाकून झोपता का काय आता?"

"तूच झोप तिथं. पाणी प्यायले उठा लागणार नाही."

दोरी चांगली हाय. पिवळी, गुळगुळीत. हातावर ओढली तं कातडं सोललं.

१९ नोव्हेंबर

भगवंतरावाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी. तीन आठवडे पाण्यात उतरायचं नाही, अन् ते नसले तं समताले एकटीले नाव काढू देत नाहीत. नाव काठावर उलटी पडून हाय, आता मॅडमसमोरच पाण्यात उतरन. समता घरात भिंतीले धडका मारल्यासारखी फिरते.

२३ नोव्हेंबर, रविवार

बांधली. सकाळी गेली, दुपार टळली तवा उठली. कंबर राह्यली नाही.

एकच दोर, पहिल्या रिंगीपासून शेवटच्या रिंगीपर्यंत. मधात गाठ नाही. बाजेच्या मधात गाठ पाडली तं लोकं नावं ठेवतात. अन् बोटभर ढिल ठेवली. ती ठेवाच लागते. सुंभाची बाज झाली का आपण तिच्यावर पाणी मारतो, सुंभ भिजला का आपोआप आवळते. आधीच कच्चून ताणली तं पाण्यानं लाकडाचे सांधे उखडतात. हे कोणी पुस्तकात वाचून शिकत नाही.

भगवंतरावानं डोळ्यावर पट्टी तशीच ठेवून जाळीवर हात फिरवला. म्हणे, "ढिली लागून राह्यली."

"पाणी ताणीन," म्हटलं.

"नायलॉन हाय ना हो बाई."

"दोर तो दोर. तुमी नाव हाका, मी दोरी पाहते."

ते समताकडं वळले. ती म्हणे, "माय म्हणते तं बरोबरच असन." माझी पोरगी माझ्या बाजूनं बोलली असं सहा महिन्यांत एकदा होते. बरं वाटलं.

७ डिसेंबर

नाही झालं.

८ डिसेंबर

काल लिहू वाटलं नाही. आज लिहिते.

वारा चांगला होता. मॅडम काठावर खुर्ची टाकून बसल्या. गोऱ्या नाहीत, जाड्या नाहीत, आपल्यासारख्याच, फक्त बोलणं कमी. समतानं नाव काढली अन् अशी पळवली का बुढा बी उभा राह्यला. दोन फेऱ्या झाल्या. मी मनात म्हटलं, झालं काम.

तिसऱ्या फेरीत नाव एका बाजूनं उचलली. तवा हाकणाऱ्यानं जाळीवरच्या पट्ट्यात पाय अडकवून अंग बाहेर टाकायचं असते, नावेले खाली दाबाले. समतानं टाकलं. अन् जाळी झोळीवाणी खाली गेली. पट्टे ढिले. पाय निसटले. पोरगी पाण्यात अन् नाव उलटी.

तिले काही लागलं नाही. जॅकेट होतं. नाव ओढून काठावर आणली तवा जाळीत हात घातला मी. बोटभर ढिल ठेवली होती, चार बोटं झाली होती. दोर वल्ला होता, अन् वल्ला होऊन लांबला होता. सुंभ आवळते. नायलॉन लांबते. एवढं सोपं. चाळीस वर्षं दोरी हातात धरून मले माहीत नव्हतं.

मॅडम म्हणे, "मुलगी चांगली चालवते. पण नाव न तपासता पाण्यात उतरली. अशा मुलीच्या हाती मी दुसऱ्यांचा जीव देऊ शकत नाही."

मी तोंड उघडलं. समतानं माझ्याकडं असं पाह्यलं का ते मिटलं. मॅडम गाडीत बसून गेल्या.

तोंड मिटायले नव्हतं पाहिजे.

११ डिसेंबर

समता धरणावर गेली नाही. बुढ्याजवळ बसून बाजेत नवारीची पट्टी भरून राह्यली. वाकडी भरते. बुढा उसवते, ती पुन्हा भरते. तो बी आता टोमणे मारत नाही.

माझ्याशी बोलत नाही. ताट ठेवलं तं जेवते. उचल म्हटलं तं उचलते. भांडली असती तं बरं होतं, मले भांडता येते.

१२ डिसेंबर

"सांग ना मॅडमले, मायनं बांधली होती," मी म्हटलं.

म्हणे, "सांगून? हाकणाऱ्यानं तपासायचं असते. मी नाही तपासलं."

"काऊन नाही तपासलं मंग?"

उठून गेली. मलेबी कळलं काऊन ते. इचारायची काही गरज नव्हती.

१४ डिसेंबर

आंगणात खुंटीले चार दोऱ्या टांगल्या. सुंभ, सुताची, नायलॉन, अन् भगवंतरावापाशी शिडाची जुनी पांढरी दोरी होती ती. चौघींले सारखे दगड बांधले. भिंतीवर कोळशानं रेघ मारली. मंग पाणी ओतलं. सुंभ वर गेला. सूत वर गेलं. नायलॉन खाली. पांढरी होती तिथंच.

शेजारची जयवंताबाई कुंपणातून पाहून म्हणे, "काय करणी करून राह्यली व?"

"हाव. तुह्यावर."

एवढं हे महिनाभर आधी करायले काय झालं होतं मले. अर्धा तास बी लागला नाही.

२१ डिसेंबर, रविवार

जाळी पुन्हा बांधली. भगवंतराव म्हणे राहू द्या, आता कोण बसणार हाय तिच्यावर. म्हटलं, तुमची नाव मी बिघडवली, मीच नीट करीन.

पांढरी दोरी. अन् या खेपी एक दोर नाही. दर रिंगीले येगळा तुकडा, सहा येढे, येगळी गाठ. एक तुटला तं बाकीचे धरतात. बाजेवर असं काम केलं असतं तं बुढ्यानं मले घराबाहेर काढलं असतं. चव्वेचाळीस गाठी. समोरासमोरच्या रिंगा जोडीनं ताणल्या, नाहीतं जाळी एकीकडं ओढते. मंग बादलीनं पाणी ओतलं, तासभर थांबली, पुन्हा ताणली. वर चढून नाचली. हाव, नाचली, या वयात. कोण पाह्यते.

भगवंतराव पाहत होते. डोळ्याची पट्टी निघाली ना त्यायची. मोबाइलमधी फोटो काढून राह्यले.

"माझे कायले काढता?"

"गाठींचे काढतो, तुमचे नाही," म्हणे.

एवढं चांगलं काम मी जन्मात केलं नाही. अन् कोणाच्याच कामाचं नाही.

२४ डिसेंबर

भगवंतरावानं ते फोटो मॅडमले धाडले. मले न इचारता. म्हणे, "पाहू, पोरीले पुन्हा एक संधी देतात का."

समताले सांगतलं नाही. सांगून पुन्हा वाट पाहायले लावायची का? मीच पाहून राह्यली. समताचा फोन वाजला का माझा हात पिठात थांबते. वडनेरच्या मावशीचा असते.

२६ डिसेंबर

काही नाही. जानेवारी लागायले सहा दिवस. बाज मात्र आज समतानं सरळ भरली. बुढा म्हणे, "जमलं." तिनं मान बी वर केली नाही. मले रडू आलं ते ती बाज पाहून.

२८ डिसेंबर

मॅडमचा फोन आला, समताच्या फोनवर. ती ओसरीत होती, मी बाजूले बसली होती. आवाज मोठा, सगळं ऐकू आलं. म्हणे फोटोतली ती नवी जाळी ज्यांनी बांधली त्यांना आमच्याकडं पाठव, सगळ्या नावांच्या जाळ्या बांधायच्या आहेत, मुलींना शिकवायचं आहे. समता म्हणे, "माझी माय हाय ते. पाठवते." मॅडम म्हणे, "मग त्या दिवशीची जाळी कोणी बांधली होती?"

समता म्हणे, "मी."

मी तिथंच बसली होती. माझं काम जाऊ नये म्हणून तिनं दोष आपल्यावर घेतला, अन् मी घेऊ देल्ला.