खळ लावलेली गोष्ट

कल्याण, कार्तिक वद्य ३, शके १८१६

ती. दादास उत्तरेचा शि. सा. नमस्कार. वि. वि. इकडे सर्व खुशाल, मी सोडून.

तू पाठवलेलं गोष्टींचं पुस्तक पोचलं. हल्लीच्या लोकांच्या नऊ गोष्टी, एकीसारखी दुसरी नाही! भुताची वाचून हसूच आलं, पण कोर्टातल्या कारकुनाची फार गोड आहे. त्याच्या बायकोच्या तोंडी एक वाक्य नाही, तरी सगळा वेळ तीच दिसते. कोळणीची गोष्ट लिहिणाऱ्यानं मात्र बंदरावर कधी पाय ठेवलेला नाही. त्याची कोळीण थेट पुण्यातलं बोलते!

पण मेलं माझं नशीब! मामंजी प्रत्येक पुस्तक आधी स्वतः चाळतात, आणि बायकांनी वाचू नये असं काही दिसलं की ती पानं कणकेची खळ लावून चिकटवून टाकतात. नवांतली एकच चिकटवली, आणि ती माझी! 'परवानगी', लेखिका एक कुलस्त्री. जेवताना म्हणाले, सासऱ्याला न विचारता आजारी आईला भेटायला निघणारी सून कुणा रिकामटेकड्या पुरुषानंच लिहिली असणार. मी त्यांना ताक वाढलं.

इकडची स्वारी भुसावळला नोकरीवर, आणि तुझ्याशिवाय हे कुणालाच ठाऊक नाही. जन्मात पहिल्यांदा माझं काही छापलं गेलं नि ते मलाच वाचता येऊ नये! कसं दिसतं रे छापलेलं? सून नावेत बसते तिथेच गोष्ट संपवली आहे ना? लगेच कळव. वहिनीला नमस्कार. लोभ आहे तो वाढता राहो.

उत्तरा

ठाणे, टेंभी नाका, कार्तिक वद्य ९

चि. सौ. उत्तरेस त्र्यंबकाचे अनेक आशीर्वाद. विशेष.

तुझे पत्र वाचून पोट धरून हसलो. तुझे मामंजी म्हणजे अजब वल्ली!

रविवारी येथील वाचनालयाच्या सभेत या पुस्तकावर मी अभिप्राय वाचला. नाना रसांचा फुलोरा वगैरे माझे होतेच. शिवाय कारकुनाच्या बायकोविषयी व कोळणीच्या बोलीविषयी तू लिहिलेस तेही घातले. टाळ्या काय पडल्या! तुझे नाव अर्थातच घेता आले नाही, आणि त्यात तुझेच हित आहे.

तुझी गोष्ट सुबक छापली आहे. छापखान्यात चार शब्द इकडचे तिकडे होतातच, ते मनाला लावून घेऊ नये. पाने उचकटण्याच्या भानगडीत मात्र पडू नकोस, घरात उगाच वितुष्ट नको. थंडी पडू लागली आहे, जपून असावे. तुझा लोभ हेच आम्हांस पुष्कळ.

त्र्यंबक

कल्याण, मार्गशीर्ष शुद्ध २

ती. दादास नमस्कार. वि. वि.

शेवटाचं विचारलं त्याचं उत्तर तू दिलं नाहीस, तेव्हाच मला शंका आली. मामंजी देवळात गेलेले पाहून भाताच्या तपेल्याच्या वाफेवर पानं धरली. सुटली. छापलेलं माझं पहिलं वाक्य पाहून डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू!

आणि शेवट? मी लिहिलेली सून नावेत बसून आईकडे निघते. छापलेली काठावरूनच माघारी फिरते, सासऱ्याचे चरण आसवांनी भिजवते, आणि तो तिला क्षमा करतो. क्षमा! कसली रे क्षमा? छापखान्यातला खिळे जुळवणारा असं लिहीत नाही, दादा. प्रत तुझ्याच हातून गेली आणि तुझी भाषा मी ओळखते. सून उंबरठा ओलांडते तिथेच मामंजींनी वाचणं सोडलं असणार. पुढचं वाचलं असतं, तर त्यांनी ती गोष्ट साऱ्या घराला मोठ्यानं वाचून दाखवली असती.

तुझ्या या शेवटात तिची आई वाट पाहून पाहून मेली असेल. तुझ्या ते मनातसुद्धा आलं नाही.

माझी मूळ प्रत परत पाठव. ती पानं मी नवी खळ शिजवून पुन्हा चिकटवून टाकली. लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

उत्तरा