मोखाड्याच्या वायरलेसने ओ का दिली नाही

मोखाडा, ता. ९ ऑगस्ट १९५५

तीर्थरूप मंगळूमामांस गौराचा साष्टांग नमस्कार. (तोंडाने मी तुला अरेतुरे करते, पण कागदावर हात धजत नाही. तेव्हा पत्र संपेपर्यंत ‘तुम्ही’.) तुमची तब्येत बरी असेल. कमूमामीचा गुडघा पावसात धरतो, तो शेकत जावा. मी बरी आहे. जेवण जाते, झोप येत नाही.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिले होते की २८ जुलैला इथला वायरलेस गप्प राहिला तो बॅटरी भिजल्यामुळे. ते चूक आहे. बॅटरी भिजली नव्हती. ती माझ्या पदराइतकी कोरडी होती. (पदर त्या दिवशी जरा ओला होता, म्हणून ‘पदरापेक्षा कोरडी’ असे वाचावे.)

खरे काय झाले ते सांगते. तुम्हाला ठाऊकच आहे, पावसाळ्याचे चार महिने हे पाठीवर न्यायचे खाकी खोके इथे ठेवले आहे. पूर आला, दरड पडली, कुणाला साप चावला, तर पोलीस, दवाखाना आणि जंगलखाते या तिघांचे निरोप त्यातून जव्हारला जातात. खोके आणि बॅटरी वाहायला सुकऱ्या, आणि निरोप लिहून घ्यायला व बोलायला मी. बटण दाबून बोलायचे, सोडून ऐकायचे. जव्हारहून हाक येते ती ‘मोखाडा, मोखाडा’ अशी. माणसाच्या नावाने हाक मारायची नाही असा नियम आहे, आणि तो मी स्वतःच्या हाताने लिहून भिंतीवर चिकटवला आहे.

त्या दिवशी भर दुपारची वेळ. बाहेर धुके इतके की समोरचे आंब्याचे झाड दिसेना. सगळे जेवायला गेलेले. कचेरीत मी एकटी. आणि खोक्यातून आवाज आला, ‘गौरे, ए गौरे!’

आवाज तुमचा. तुम्ही पंधरा मैलांवर. मामा, आपल्या गावाहून, वांगणीहून, जव्हारला शाळेत नेताना रानातल्या वाटेवर तुम्हीच मला शिकवले होते ना, की भर दुपारी ओळखीच्या आवाजाने हाक आली तरी तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही, कारण ‘ते’ दोनदाच हाक मारते? सात वर्षांची होते मी. तेव्हापासून सातवीची फायनल पास झाले, भूगोलात पहिली आले, पण ते काही पुसले गेले नाही. मी हात मांडीखाली दाबून बसले. पुन्हा आले, ‘गौरे, ए गौरे!’ मी तिसरीची वाट पाहिली. (मनापासून पाहिली. आकडे मोजत होते, चाळीसपर्यंत गेले.) तिसरी आली नाही. मग मी खोक्याची कळ फिरवून ते बंद केले, आणि वर पाटी उपडी ठेवली. पाटी का ठेवली ते मला सांगता येत नाही.

पुढचे तुम्ही पाहिलेच आहे, कारण तुम्ही त्यातच होता. मोखाडा बोलत नाही म्हणजे वाघ नदीच्या पुराने मोखाडाच नेला, असे जव्हारने ठरवले. डॉक्टर, दोरखंड घेतलेले सहा पोलीस, कुऱ्हाडी घेतलेले जंगलखात्याचे लोक, आणि बैलगाडीवर संस्थानच्या वेळचा हाताने हलवायचा आगीचा बंब. (पुरासाठी बंब कुणी काढला हे अजून कळले नाही.) जीप घाटात रुतली, तुम्ही सगळे चिखलातून चालत दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलात, तेव्हा आमच्या कचेरीचे महालकरी साहेब ओट्यावर दाढी करत होते. डॉक्टरांनी विचारले, जखमी कुठे आहेत? जखमी एकच निघाला, वाटेत पाय मुरगळलेला तुमचाच पोलीस. त्याला आमच्या दवाखान्याने पट्टी बांधली.

आणि तुम्ही खांद्यावरचा दोर टाकून ‘गौरे, जिती हायस!’ म्हणत रडायला लागलात. मग मला बाजूला घेऊन कानात सांगितलेत, वायरलेसवाला चहाला गेला होता, तुला नुसतं बरी हायस का विचारावं म्हणून मीच बोललो त्या डब्यात, पण त्याच्या बुटांचा आवाज आला नि तिसऱ्यांदा तोंड उघडलंच नाही, तुला तर काय ऐकूच गेलं नसंल. मी म्हटले, बॅटरी भिजली होती.

मामा, मला ऐकू आले होते. दोन्ही वेळा.

भुताला भ्याले हे फायनल पास झालेल्या बाईने कसे सांगावे? म्हणून मी नोंदवहीत ‘बॅटरी भिजली’ असे लिहिले. साहेबांनी विचारले, बॅटरी कोण वाहतो? आता सुकऱ्याला काढायचा हुकूम लिहून तयार आहे. तो भांडला असता तर मला बरे वाटले असते. पहिल्या दिवशी म्हणाला, ‘बाय, मी त डोक्यावरची घोंगडी काढून डब्यावर घातलेली.’ दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पाहत म्हणाला, ‘पण तू लिवलंस म्हंजे भिजलीच आसंल. तू खोटं कशाला लिवशील?’ तेव्हापासून तो येता-जाता घोंगडी उजेडात धरून भोके शोधतो. एक सापडले, तर मला आनंदाने दाखवायला आला.

मला तुमची घोड्यांच्या पागेमागची खोली फार आठवते. शाळेतून आले की मी कोळशाने जमिनीवर अक्षर काढायची आणि तुम्ही दरबारच्या पट्टेवाल्याचा बिल्ला सांभाळत ओणवे होऊन गिरवायचा. ‘ळ’ तुम्हाला कधी जमला नाही, स्वतःच्या नावात असून. तेव्हा वांगणीत आग लागली तर डोंगरावरून डोंगरावर हाक जायची, हिरीआजी तर म्हणायची की माणसाने मुंडासे बांधेपर्यंत हाक जव्हारला पोचलेली असे. आणि ती नेहमी तीनदा यायची. मग संस्थान विलीन झाले, तुमचा पितळी बिल्ला जाऊन दुसरा आला, मला नोकरी लागली, आणि आपल्या घरातल्या कुणी लिहिलेले लोक पहिल्यांदा खरे मानू लागले. त्याचे मी हे केले.

म्हणून उद्याच साहेबांपुढे जाऊन सगळे सांगणार आहे. मी अजिबात घाबरलेली नाही.

मामीस नमस्कार.

आपली भाची,
गौरा

ता. क. उद्या जमणार नाही. साहेब खोडाळ्याला दौऱ्यावर आहेत.

ता. क. २ : दौऱ्यावर नाहीत. समोर बसून पेन्सिलीला टोक काढत आहेत. खरे कारण असे की मी सांगितले तर ते पहिले हेच विचारतील, नावाने हाक कुणी मारली? मला तेव्हा ‘माहीत नाही’ म्हणता येणार नाही. वायरलेसला हात लावल्याबद्दल तुमचा नवा बिल्लाही जाईल कदाचित. विनंती एवढीच, की हे माझ्या तोंडून बाहेर पडण्याआधी तुमच्या तोंडून जव्हारच्या साहेबांना कळावे. टपाल शुक्रवारी तुम्हाला मिळेल. हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नये, अक्षर म्हणूनच मोठे काढले आहे.

ता. क. ३ : सुकऱ्याच्या हुकमावर सही येत्या मंगळवारी, ता. १६ला, व्हायची आहे. तुमचा निरोप येवो न येवो, मी शनिवारी, ता. १३ ऑगस्टला, सकाळी साडेदहाला कचेरीचे दार उघडताच आत जाणार.