मागच्या सीटखालचा कागद

७ मे, मंगळवार

शेव्हेल आली! ट्रेलरवरून उतरवली तेव्हा मागच्या सीटमध्ये उंदरांच्या दहा पिढ्यांचा संसार. १९७० ची गाडी, व्हर्नाबाई स्टकींच्या कोठारात पडून होती. नवरा गेला, आता कुणासाठी ठेवू म्हणाल्या आणि रँडल प्रूइटला देऊन टाकली. रँडल छपरांचा मोठा ठेकेदार, गडगंज. त्याचं बजेट ऐकून मी खाली बसले — तीन लाख डॉलर! नवं इंजिन, नवी चासी, मागचा मजला कापून हे एवढे रुंद टायर. सीट-अस्तरं माझ्याकडे, बाकी सगळं वेंडेलकडे. माझ्या भावाला उभ्या जन्मात असं काम मिळालं नव्हतं. त्याच्या गॅरेजमध्ये हिवाळाभर दोन ट्रकचे दरवाजे आणि एक बर्फ ढकलायचं यंत्र, एवढंच आलं होतं.

आल्या आल्या त्याने पेट्रोलची टाकी उतरवली, एकट्याने. मला हाकसुद्धा मारली नाही. टाकीच्या वर नुसता गंज न् घाण, म्हणाला.

९ मे, गुरुवार

गुरुवार म्हणजे जेवणघराच्या पार्किंगात गाड्यांचा मेळा. बॉनेट उघडी, खुर्च्या मांडलेल्या, हातात कोनी, आमच्याकडचा खिमा घातलेला हॉट डॉग. आज सगळे शेव्हेलवरच तुटून पडले होते.

ऑर्व्हिल स्टकी मरेपर्यंत सांगायचा की आपली गाडी कारखान्यातूनच सगळ्यात मोठं इंजिन घालून आली. तशा आता मोजक्याच उरल्यात. पण त्याचं ते इंजिन शर्यतीत फुटलं चौऱ्याहत्तर साली, नंतर दुसरंच घातलं. मग पुरावा काय? नंबरावरून कळत नाही. कळतं ते फक्त कारखान्यातल्या कागदावरून. गाडी जोडणीच्या ओळीवरून सरकायची तसा तिचा कागद तिच्याबरोबर सरकायचा, कुठलं इंजिन, कुठला रंग, कुठली सीट. काम झालं की कामगार तो हाताला येईल तिथे कोंबायचे. सीटच्या स्प्रिंगांत, नाहीतर टाकीवर, कधी दोन्हीकडे एकेक प्रत. आमचे बाबा पंधरा वर्षं हेच करत होते, फ्लिंटच्या ओळीवर सीट बसवायचे. कचऱ्याची टोपली लांब होती म्हणायचे!

हॅल स्विनी म्हणाला, अशी गाडी कापणं म्हणजे पाप आहे. (हॅल कारखान्यात तपासनीस होता, अजून सगळ्यांना तपासतोच.) दुसरा म्हणाला, मग काय मखरात बसवायची? गाडी चालवायला असते. तिसऱ्याला पट्ट्यांच्या रंगावरून भांडायचं होतं. मी आपलं म्हटलं, त्या मूळच्या रेक्झिनवर जुलैत चड्डी घालून बसून दाखवा, मग मूळ-मूळ करा. हसले सगळे.

शेवटी रँडलने कोनी खाली ठेवली आणि सगळ्यांसमक्ष सांगून टाकलं, "तेवीस तारखेला इथेच, तुमच्यासमोर, डोरीन सीट उघडेल. कागद निघाला तर गाडीला एक चीर पडणार नाही. इंडियानात एक जण आहे, जशीच्या तशी करून देतो, त्याच्याकडे पाठवीन. नाही निघाला तर कापायची. मंजूर?"

मंजूर. हॅलनेसुद्धा हात वर केला.

वेंडेलने नाही केला. 

१४ मे, मंगळवार

वेंडेल आज दोनदा येऊन विचारून गेला, सीट उघडलीस का म्हणून. म्हटलं अरे, तेवीसला उघडायचीय, तुझ्यासमोरच ठरलं ना? हो हो, म्हणाला आणि गेला. त्याचे हात पुन्हा थरथरायला लागलेत. कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरतो आणि मी बघत नाही असं समजतो.

१७ मे

आजही विचारलं. कागदाची मेली एवढी ओढ लागलीय त्याला!

२१ मे, मंगळवार

लिहू का नको. लिहिते. इथे नाही तर कुठे.

सीटला उंदरांचा वास इतका की माझ्या कामाच्या खोलीत थांबवेना. म्हटलं, चारचौघांत लेंड्या सांडण्यापेक्षा आधी जरा साफ करून ठेवू. कापड धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या उकलल्या, ते बाजूला केलं. तिथेच होता. चौघडी घातलेला, स्प्रिंगांच्या गंजाच्या रेघा उमटलेल्या, एका कोपऱ्याला उंदीर लागलेला. गाडीचा नंबर बघितला — तोच. इंजिनाचा रकाना बघितला. तीनदा बघितला. ऑर्व्हिल खरं बोलत होता.

आधी आनंदच झाला! ओरडणारच होते वेंडेलच्या नावाने. तोंड उघडलं आणि तेवढ्यात पलीकडून त्याची शीळ ऐकू आली. वर्षभरात शीळ घातली नव्हती त्याने. भिंतीवर त्याची चित्रं लावलेली, ती गाडी कशी होणार, समोरून, बाजूने, मागून. पाच महिने खपून काढलेली. हात आहेत तोवर हे एक काम होऊ दे, म्हणाला होता नाताळात. दुसरं काही मागितलं नव्हतं.

कारखाना बंद झाल्यावर बाबा खिडकीशी बसले ते उठलेच नाहीत. दोन वर्षांत संपले. वेंडेलला त्या खुर्चीत मी बघू शकत नाही. नाहीच बघू शकत.

कागद बटणांच्या डब्यात घातला. सीट पुन्हा होती तशी बांधली. कड्या जुन्याच लावल्या, गंजलेल्या, म्हणजे हॅलला शंका नको. इतकी हुशारी कुठून आली माझ्यात?

२३ मे, गुरुवार

झालं. तीस-चाळीस माणसं, सगळ्यांचे फोन वर. व्हर्नाबाई पहिल्या रांगेत घडीच्या खुर्चीवर, मांडीवर पर्स, चर्चला घालतात तो निळा कोट. मी एकेक कडी उकलली. हळूच! मुद्दाम हळू, सगळ्यांना दिसेल अशी. लाज नाही वाटली मला. कापड उचललं, स्प्रिंगांत हात घातला, फिरवला आणि रिकामा बाहेर काढला.

कुणीतरी "च्" केलं. हॅलने टोपी काढून डोकं खाजवलं. वेंडेलने डोळे मिटून घेतले, दमला असेल.

व्हर्नाबाई म्हणाल्या, "नाही का? बरं." आणि पर्सचा चाप उगाच उघडून मिटला.

२५ मे

जुन्या गाड्यांच्या साइटवर रँडलने फोटो टाकले. सातशेवर प्रतिक्रिया. निम्मे म्हणतात कापा, आता कशाला थांबता. निम्मे ऑर्व्हिलवर घसरलेत. "आणखी एक म्हातारा, आणखी एक थाप." "सगळ्यांच्या आजोबांची गाडी मोठ्या इंजिनाचीच असते." खाली हसरे चेहरे. त्या माणसाने माझ्या लग्नात व्हायोलिन वाजवलं होतं, फुकट. 

३ जून, सोमवार

मजला कापला.

वेंडेल कटर हातात घेऊन कितीतरी वेळ नुसता उभा होता. मला वाटलं हात साथ देत नाहीत. पण एकदा सुरू केल्यावर रेघ अशी सरळ गेली की मी श्वास धरून बघत राहिले. पत्र्याचा तुकडा खाली पडला, तो त्याने पायाने सरकवला नाही, उचलून भिंतीशी टेकवून ठेवला. म्हटलं, बघ डोरीन, यासाठी केलंस. बरोबर केलंस.

अर्धा तास टिकलं ते समाधान.

६ जून

नवी मागची सीट शिवली. तांबूस-तपकिरी चामडं, दुहेरी टाका, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नेटकं काम. कागद आत घातला, स्प्रिंगांच्या वर, आणि शिवून टाकला. गाडीचा होता, गाडीत राहील. सुटले.

७ जून

सुटले कसली!

११ जून, मंगळवार

व्हर्नाबाई आल्या होत्या. रुबार्बच्या आंबट देठांची गोड पाई भाजून घेऊन. चौऱ्याऐंशीच्या झाल्या तरी गाडी स्वतः चालवतात, आमच्या कुंपणाला दर वेळी घासून. वेंडेल सामान आणायला गेला होता. बरं झालं, असं तेव्हा वाटलं.

गाडीकडे बघितलं त्यांनी. मजला नाही, चासी नवी, सांगाडाच.  मग माझ्या खोलीत येऊन बसल्या, नव्या सीटवर हात फिरवला. छान शिवलंयस गं, म्हणाल्या. हात नेमका डाव्या बाजूला, कागद शिवला होता तिथेच. 

हॅलने त्यांना साइटवरचं वाचून दाखवलंय. एकूण एक! काय गरज होती त्या मेल्याला? आणि मी कुठल्या तोंडाने त्याला नावं ठेवतेय.

मी म्हटलं, लोकांचं काय मनावर घेता.

"ऑर्व्हिल खोटं बोलायचा," त्या म्हणाल्या. "मासा केवढा होता, पत्त्यांत किती हरला, ते सगळं खोटं. गाडीबद्दल नाही, असं मी कायम म्हणत आले. पण खरं सांगू का डोरीन? गाडी बुक करायला मी कुठे गेले होते. त्यानेच येऊन सांगितलं. आता झोपताना वाटतं, हेही त्यातलंच असेल. चोपन्न वर्षं ज्याच्यासाठी लोकांशी भांडले, तो मलाही बनवत होता."

रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. उठल्या, पाईची बशी शुक्रवारी परत दे म्हणाल्या.

कागद आणि त्यांची मांडी यांत एक हाताचं अंतर होतं. कातरी टेबलावर होती. मी काय केलं? त्यांना दारापर्यंत सोडायला गेले!

१२ जून

गाडी कापली ते एक वेळ निभावेल. लोखंड आहे. पण मेलेल्या माणसाला त्याच्याच बायकोच्या नजरेतून उतरवलं मी.

पाई खाल्ली नाही. वेंडेलने खाल्ली. अर्धीच.

१३ जून, गुरुवार

मेळ्याला गेले नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. वेंडेलही गेला नाही.

सांगायला हवं. सांगितलं तर काय होईल ते उघड आहे. रँडल काम काढून घेईल, घेऊ दे. हॅल मला या गावात तोंड वर काढू देणार नाही, तेही ठीक. पण वेंडेल! त्या बिचाऱ्याला यातलं काहीसुद्धा माहीत नाही, आणि लोक म्हणणार बहीण-भावाने मिळून केलं. कुणाचा विश्वास बसेल? माझ्या पापाचा शिक्का त्याच्या कपाळावर, आणि तोही आत्ता, हातांची ही अशी अवस्था असताना. ज्याच्यासाठी केलं त्यालाच बुडवायचं.

व्हर्नाबाईंची बशी धुऊन ठेवलीय. उद्या द्यायची आहे.

१४ जून, शुक्रवार

बशी द्यायला गेले नाही. रिकामी बशी घेऊन त्या दारात उभं राहवणार नाही. उद्या आधी वेंडेलला सांगते. मग त्याने काय म्हणायचं ते म्हणू दे.

१५ जून, शनिवार

सकाळी सीट उसवली. अर्धी उसवून झाली आणि वेंडेल आत आला. काय करतेस म्हणून विचारलं नाही. मी कागद काढला, टेबलावर उलगडून ठेवला आणि म्हटलं, एकवीस मेला सापडला होता मला, लपवला.

 तो पलीकडे गेला. हत्यारांच्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण उघडल्याचा आवाज आला. परत आला आणि माझ्या कागदाशेजारी दुसरा ठेवला. तेलकट, गंजाने खाल्लेला, तोच नंबर, तेच इंजिन. टाकीवरचा. पहिल्या दिवशीचा!

मी म्हटलं, अरे मग रोज का विचारत होतास, सीट उघडलीस का म्हणून?

"तुला सापडला तर नाही ना, या धास्तीने, डोरी. सापडला तर तू लपवणार नाहीस, हे मला माहीत होतं."

दोन्ही कागद बशीत ठेवलेत. व्हर्नाबाईंना फोन केला, येतोय म्हणून सांगितलं. वेंडेल म्हणतो, तू चालव, माझे हात स्थिर राहत नाहीत. माझेही राहत नाहीत, पण मी चालवते.