पांढरं जेवण

१ फेब्रुवारी १९९८, रविवार
लीनाने विचारलं. पुढच्या रविवारी वर्धेला पिक्चर आणि जेवण. तिच्या पुण्याच्या मावसबहिणीने केलं तसं, ‘थीम’ ठेवून. पिक्चर भुताचा, कपडे पांढरे, जेवणही पांढरं. पुलगावात असं कुणी केलं नसेल.
म्हणजे नागपूरचं पक्कं समजायचं. जूनमध्ये दोघी बी.एड.ला, होस्टेलवर एक खोली, खिडकीजवळची खाट तिची. मागे विचारलं तेव्हा ती “बघू ना गं” म्हणाली होती. तिचा होकार असाच असतो. दिवाळीत तिचा साखरपुडा झाला, इंदूरच्या मिहिररावांशी. पण साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे. जेवताना तोंडाने ‘हो’ म्हणवून घ्यायचं.
आईला सगळं खरं सांगितलं. घरात शाळा-कॉलेज पाहिलेली पहिली मी, खोटं बोलून जाणं शोभत नाही. आई म्हणाली, “तिचं लगन ठरलं ना व? मंग तुले कायले नेऊन राह्यली ते?” आईला मैत्री समजत नाही.

३ फेब्रुवारी
इडली पांढरी. दहीभात पांढरा. नारळाची चटणी पांढरी, पण फोडणीचं काय? लीनाला विचारलं. “हर्षे, तू म्हणजे ना!” म्हणाली. मीच ठरवलं: फोडणीशिवाय. आणि सांबार अजिबात नाही. नियम केला की पाळायचा.

६ फेब्रुवारी
पांढरा ड्रेस नाही. बदामी होता, तो निळीत बुडवला. नीळ जास्त झाली. भुताला चालेल. दोरीवर वाळताना पाहून आई म्हणाली, “कोणी मेलं काय व?”

८ फेब्रुवारी, सकाळी
लवकर उठले. खाटेचं वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. घाई दिसायला नको.

८ फेब्रुवारी, घरी आल्यावर
स्टेशनवर लीना मरून रंगाच्या साडीत. सासूबाईंचा फोन आला म्हणे, साखरपुडा झालेल्या मुलीने पांढरं घालू नये. ठीक. दोघींच्या वतीने मी पांढरी. पोचवायला आलेल्या विमलकाकूंनी, म्हणजे लीनाच्या आईने, माझा हात धरला. “हिला एकटी सोडू नको हं. तुझ्यावर भरवसा आहे.” शब्द दिला.
टॉकीजच्या दारात मिहिरराव उभे. योगायोग. इंदूरचा माणूस वर्धेला काय करत होता, ते विचारणं बरं दिसलं नसतं. त्यांच्या हातात तीन तिकिटं. कुणी परत केली असतील.
शब्द म्हणजे शब्द. मी दोघांच्या मधल्या खुर्चीत बसले. मध्यंतरात लीना म्हणाली, “तू कडेला बस ना, तिकडून छान दिसतं.” म्हटलं, मला इथूनच छान दिसतं. खरं तर पुढे एक फेटेवाले आजोबा होते. मिहिरराव दोनदा खोकले. भूत विहिरीतून वर आलं तेव्हा लीनाने किंचाळून माझा हात घट्ट धरला. मग कुणाचा आहे ते पाहिलं, आणि सोडला.
हॉटेलात मिहिररावांनी मसाला डोसे मागवले. मी इडली आणि दहीभात. वाढणाऱ्याने सांबाराची वाटी ठेवली, मी परत दिली. लीनाने नवऱ्याच्या, म्हणजे होणाऱ्या नवऱ्याच्या, वाटीतलं सांबार घेतलं.
शेवटी विचारलं. खिडकीजवळची खाट चालेल ना?
“कोणती खाट गं?” लीना म्हणाली.
मिहिरराव म्हणाले, “पाच मेला लग्न आहे, तुम्हाला यायचंच.” स्वभावाने चांगले वाटले.
हॉटेलात भांड्यांचा आवाज फार होता. तिला नीट ऐकू आलं नसणार.

९ फेब्रुवारी
काकूंकडे गेले. म्हणाल्या, “तू होतीस म्हणून पाठवलं गं. लग्नाआधी दोघांना एकटं कसं सोडायचं? लोक नावं ठेवतात.” म्हणजे मिहिरराव येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी मधे बसले होते, हे काकूंना सांगितलं. हसून हसून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. लीना हसली नाही.
घरी आई म्हणाली, “जेवून घे.” एवढंच म्हणाली.

१७ फेब्रुवारी
खाटेचं शांतपणे परत सांगायला गेले. लीना नागपूरला गेलेली, साड्या घ्यायला. पण नागपूर! लक्षण चांगलं आहे.

१ मार्च, रविवार
स्टेशनवर गेले होते. नागपूरच्या गाडीची वेळ विचारायची होती. बाकी कपडे धुण्यात, म्हणून तो निळसर ड्रेस.
फलाटावर लीना, आणि तिच्या काकांची छोटी स्वरदा. लीना माझ्या ड्रेसकडे बघत राहिली. मग म्हणाली, “ते आलेत वर्धेला. तुला उगाच त्रास नको म्हणून हिला नेतेय. ही पिक्चरमध्ये झोपते.”
मी म्हटलं, बरं केलंस.
स्वरदाने पांढरा फ्रॉक घातला होता. मला म्हणाली, “मी भूत आहे! मी इडली खाणार. सांबार नाही खायचं, पांढरंच खायचं. तसा नियमच आहे.”
कुणी केला, विचारलं.
“ताईने.”
गाडी आली. लीनाला खिडकीजवळची जागा मिळाली. गाडी हलली तशी मी दोन पावलं सोबत चालले आणि स्वरदाला म्हटलं, सांबार घेजो. चालते.